ग्राहक आयोगाची नोटीस आलीये, आता काय? वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

या सदरात एरवी ग्राहकांचेच प्रश्न जास्त असतात, आणि ते बरोबरच आहे, पण यावेळी संपादकांनी माल बनवणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची पत्रं वेगळी काढून माझ्याकडे दिली. मी ग्राहक आयोगात कंपन्यांच्या बाजूने उभी राहते. कुकर, गीझर, खाण्याच्या वस्तू, गाड्यांचे पार्ट, असल्या केसेस जास्त. पत्रं वाचून एक गोष्ट जाणवली की बहुतेकांना २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा म्हणजे जुन्याच कायद्याचं नवं नाव वाटतं. तसं नाहीये. २० जुलै २०२० पासून तो लागू झाला आणि त्यात कलम ८२ ते ८७ असं प्रॉडक्ट लायबिलिटीचं अख्खं नवं प्रकरण आहे, म्हणजे सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली, घरातलं दुसरं काही जळालं, माणूस गेला, तर भरपाई कोणी द्यायची ते. खालची बरीचशी उत्तरं त्याच सहा कलमांभोवती फिरतात.

प्रश्न : आमचा कुकर बनवायचा छोटा कारखाना आहे सांगली जिल्ह्यात, ब्रँड स्वतःचा. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाची नोटीस आलीये. कुकर फुटून एका ताईंचा हात भाजला, ८ लाख मागितलेत. नोटीस येऊन महिना होत आला, अकाउंटंटच्या टेबलावर पडून राहिली. वेळ वाढवून मिळेल का? आणि केस नाशिकला कशी काय?

उत्तर : आधी तारखा मोजा, बाकी सगळं नंतर. लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस असतात आणि आयोगाने मान्य केलं तर आणखी १५, असे सगळे मिळून ४५. त्यापुढे एक दिवससुद्धा नाही. पूर्वी लोक "साहेब, थोडी कॉस्ट लावा पण घ्या" असं म्हणून सहा-सहा महिन्यांनी म्हणणं दाखल करायचे, ते दिवस गेले. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेजच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की ४५ दिवसांनंतर उशीर माफ करायचा अधिकार आयोगाला नाहीच. तो निकाल १९८६ च्या कायद्यावरचा आहे, पण नव्या कायद्यात शब्द तेच आहेत. दिवस मोजायचे ते तक्रारीची प्रत जोडलेली नोटीस हातात पडली तिथपासून, म्हणून लिफाफा फेकला असेल तर शोधा, त्यावरचा शिक्का लागेल, आणि नुसती नोटीस आली, सोबत तक्रारच नव्हती असं असेल तर तेही लगेच लेखी कळवा. वकीलपत्र याच आठवड्यात द्या आणि १५ दिवसांचा अर्ज पहिले ३० संपायच्या आत टाका. म्हणणं दाखल नाही झालं तरी युक्तिवाद करता येतो, पण तुमची हकीकत रेकॉर्डवर नसते, मग युक्तिवाद कशाच्या जोरावर करणार.

नाशिकचं म्हणाल तर तक्रारदार राहतात किंवा नोकरी करतात त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा कलम ३४ मध्ये आहे, त्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. ८ लाखांच्या आकड्यानेही केस वरच्या आयोगात जात नाही, कारण आता मागणी बघत नाहीत, वस्तूला मोजलेली किंमत बघतात. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याच्यावर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग, हे आकडे डिसेंबर २०२१ च्या नियमांनी बदललेत.

आता खरी गोष्ट. तो कुकर कुठे आहे? ताईंच्या घरी असेल तर तिथेच राहू द्या. सर्व्हिसवाल्या पोराला पाठवून "तपासायला" घेऊन येऊ नका, हे मी हात जोडून सांगते, कारण पुढे त्यात काहीही सापडलं तरी ते तुम्हीच केलं असं म्हटलं जाईल आणि म्हणणारा चुकीचा नसेल. आयोगाकडे अर्ज करा की वस्तू सील करून योग्य प्रयोगशाळेत पाठवावी. कलम ३८ मध्ये तशी सोयच आहे, लॅबने ४५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, फी आधी तक्रारदाराने भरायची असं कायदा म्हणतो, पण तुम्ही स्वतःहून भरायची तयारी दाखवलीत तर चाचणी लवकर होते आणि लपवायचं काही नाही हेही दिसतं. तोपर्यंत तुमच्याकडची कागदं गोळा करा : त्या बॅचचं टेस्ट रजिस्टर, व्हॉल्व्ह कुठून घेतले त्याची बिलं, त्याच बॅचच्या आणखी काही तक्रारी आल्या होत्या का ते, आणि आयएसआय मार्कचं लायसन. घरगुती कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएस २३४७ प्रमाणे मार्क सक्तीचा आहे. लायसन नसताना माल विकला असेल तर हे सगळं सोडा आणि सरळ तडजोडीचं बघा, कारण त्या पायावर बचाव उभा राहत नाही.

प्रश्न : आमचं साताऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. कंपनीचा गीझर विकला, आमच्याच माणसाने बसवला. गिऱ्हाइकाला शॉक बसला, आता कंपनीबरोबर आम्हालाही पार्टी केलंय. आम्ही तर नुसते विक्रेते ना?

उत्तर : "नुसते विक्रेते" असाल तर कलम ८६ तुमच्या बाजूने आहे. विक्रेत्यावर जबाबदारी येते ती ठरावीक वेळीच : मालाच्या डिझाइनवर, चाचणीवर किंवा पॅकिंगवर त्याचा मोठा ताबा असेल, त्याने वस्तूत बदल केला असेल आणि इजा त्या बदलामुळे झाली असेल, कंपनीपेक्षा वेगळी स्वतःची वॉरंटी दिली असेल, कंपनी कोण तेच सापडत नसेल, किंवा वस्तू जोडताना, तपासताना, सांभाळताना नीट काळजी घेतली नसेल किंवा कंपनीच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवल्या नसतील.

आता तुमच्या पत्रातलं "आमच्याच माणसाने बसवला" हे वाक्य परत वाचा. अर्थिंग बघितलं होतं का? सॉकेट १६ अँपिअरचं होतं की साधं? हे त्या दिवशी कुठे लिहून ठेवलंय का? दुकानदारांचं बहुतेक सगळं तोंडी असतं, आणि आयोग शपथपत्र आणि कागदांवर निकाल देतो. दुसरं, तुमच्या बिलावर खाली "दुकानाची ५ वर्षं गॅरंटी" असा रबरी शिक्का मारायची पद्धत असेल तर तो शिक्का म्हणजे तुमची स्वतंत्र वॉरंटी झाली. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून मारलेला असतो, पण आयोगात तोच तुम्हाला कंपनीच्या शेजारी नेऊन बसवतो. कंपनीकडून माल घेतल्याचं बिल, सिरियल नंबरसकट, लगेच दाखल करा. आणि बसवणीत चूक झालीच असेल तर कंपनीवर ढकलू नका, कंपनीचा वकील पहिल्या तारखेला तेच विचारणार आहे जे मी आत्ता विचारलं.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, मोठ्या कंपनीला कास्टिंग (ओतीव पार्ट) देतो, ते त्यांच्या पंपात बसतं. पंपामुळे अपघात झाला तर आम्ही अडकतो का?

उत्तर : कास्टिंगच सदोष निघालं, ड्रॉइंगला सोडून बनलं, तर हो. पण तुमचा पार्ट ठीक होता आणि सूचना दिल्या नाहीत एवढाच आरोप असेल, तर कलम ८७ तुम्हाला वाचवतं, अट एकच की खरेदी करणाऱ्या कंपनीला लागणाऱ्या सूचना आणि इशारे तुम्ही दिलेले असले पाहिजेत. किती प्रेशरपर्यंत चालेल, कुठे वापरू नये, हे तुमच्या चलनाबरोबर किंवा टेस्ट सर्टिफिकेटवर लेखी जातं का ते बघा. शिवाय मोठ्या कंपनीची परचेस ऑर्डर मागच्या बाजूला बारीक अक्षरात वाचा, तिथे बहुतेक वेळा सगळी नुकसानभरपाई व्हेंडर देईल असं कलम असतं आणि सही करताना कुणीच ते वाचत नाही. ते कायद्याने येत नाही, तुमच्या सहीने येतं.

याला जोडून एक. कारखान्यासाठी, नफ्याच्या धंद्यासाठी मशीन घेणारा "ग्राहक" नसतो, हा बचाव कंपन्या सरसकट घेतात. पण १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे फोड करून सांगितलंय, स्वतः राबून पोट भरण्यासाठी मशीन घेतलेला माणूस ग्राहकच असतो. शिलाई मशीन घेणाऱ्या बाईवर किंवा एकच रिक्षा चालवणाऱ्यावर हा बचाव लावणारी कैफियत (लेखी म्हणणं) माझ्यासमोर आली की मी ती ओळ खोडते.

प्रश्न : रत्नागिरीहून लोणची, आंबावडी असा घरगुती व्यवसाय ऑनलाइन चालवते. एका बाईंनी बरणीत किडा निघाल्याचा व्हिडिओ टाकला आणि ५ लाखांची नोटीस पाठवलीये. आमच्याकडे असं होणं शक्यच नाही. उलट अब्रुनुकसानीची नोटीस पाठवू का?

उत्तर : नको. "शक्यच नाही" हे तुमचं म्हणणं खरं असेलही, पण ते सिद्ध कशाने करणार ते आधी ठरवू, धमकीने काही सिद्ध होत नाही आणि ती नोटीस पुढे आयोगासमोर वाचली जाते तेव्हा तुमच्याचविरुद्ध जाते. त्यांना साध्या भाषेत लिहा की बरणी आणि झाकण जपून ठेवा, बॅच नंबरचा फोटो पाठवा, तपासणीला आम्ही तयार आहोत.

खाण्याच्या वस्तूंच्या केसमध्ये सगळा खेळ नमुन्याचा असतो. बरणी कधी उघडली, उघडून किती दिवस ओट्यावर होती, नमुना कुणी घेतला, सील कुणी केलं, लॅब मान्यताप्राप्त होती का, ही साखळी एका जागी तुटली तरी रिपोर्टला अर्थ राहत नाही. २०१५ चं मॅगीचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेल, शिसं जास्त म्हणून ५ जूनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली, दुकानांतून पाकिटं उचलली. १३ ऑगस्टला मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द केली, कारण कंपनीचं नीट ऐकून घेतलं नव्हतं आणि ज्या लॅबच्या रिपोर्टवर बंदी होती त्यांना त्या चाचणीची मान्यता नव्हती. पण हायकोर्ट तिथेच थांबलं नाही हे लोक विसरतात, त्याने तीन मान्यताप्राप्त लॅबमध्ये नव्याने चाचणी करायला लावली, शिसं मर्यादेत निघालं आणि मगच मॅगी परत आली. केंद्र सरकारने राष्ट्रीय आयोगात सुमारे ६४० कोटींची तक्रार केली होती, तीही एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली गेली. आपल्याकडचंच आणखी एक, जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्यातल्या बेबी पावडरचं लायसन राज्याच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द केलं, नमुने मात्र २०१८ चे, आणि जानेवारी २०२३ मध्ये हायकोर्टाने तो आदेश रद्द करताना या उशिरावर बोट ठेवलं.

या दोन्ही कंपन्यांकडे हायकोर्टापर्यंत जायला पैसा होता, तुमच्याकडे नसेल, पण तुम्हाला त्याची गरजही नाही. प्रत्येक बॅचमधल्या दोन बरण्या तारीख घालून बाजूला ठेवायला काही खर्च येत नाही. वादातल्या बॅचची एक बरणी शिल्लक असेल तर ती आजच मान्यताप्राप्त लॅबला द्या. नसेल तर पुढच्या बॅचपासून ठेवा. एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) रजिस्ट्रेशन, कच्च्या मालाची बिलं, बरण्या उकळून घेता त्याची साधी वही, हाच तुमचा बचाव आहे. आणि तपासणीत किडा खरंच पॅकिंगच्या आधीचा निघाला तर बाईंना पैसे परत करा, डॉक्टरचा खर्च द्या, माफी मागा आणि ती बॅच परत मागवा. ५ लाख कुणी देत नाही, पण उद्धटपणाबद्दल जास्तीची भरपाई लागलेली मी पाहिलीये.

प्रश्न : प्रॉडक्ट लायबिलिटीचा विमा आहे. केस हरलो तर मग विमा कंपनीला कळवायचं ना?

उत्तर : नाही, आज कळवा. नोटीस नव्हे, नुसतं तक्रारीचं ईमेल आलं तरी कळवा. या पॉलिसी बहुतेक "क्लेम्स मेड" असतात, म्हणजे पॉलिसी चालू असताना दावा आला आणि कळवला तरच. आणि विमा कंपनीला न विचारता ग्राहकाला "चूक आमचीच" असं लिहून देऊ नका, त्यावरून क्लेम नाकारतात. चौकशी करा, उपचाराला मदत करा, फक्त लिहिताना जबाबदारी मान्य न करता माणुसकी म्हणून असं लिहा.

प्रश्न : प्रश्न नाही, राग आहे. गरीब माणूस भाजतो, मरतो आणि तुम्ही कंपनीचे पैसे घेऊन त्याच्यावरच "तुम्ही नीट वापरलं नाही" असा आरोप करता. कसं जमतं? (पुण्याहून एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, तुमचं पत्र मी मुद्दाम पूर्ण छापायला सांगितलं होतं, जागेअभावी थोडं कापलं गेलंय. "नीट वापरलं नाही" हा बचाव कायद्यात आहे, कलम ८७, वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला तर कंपनीवर जबाबदारी नाही. आणि तो पुराव्याशिवाय घेतला जातो हेही खरं आहे, अनेक कैफियतींत तो छापील परिच्छेद असतो, केस पंख्याची असो की फ्रिजची. मला ते पटत नाही आणि मी तसं लिहीत नाही.

एक केस सांगते, कंपनीचं नाव सांगणार नाही. कुकरचीच होती. लॅबमध्ये दोन्ही बाजूंसमोर सील उघडलं. झाकण उलटं केलं तर वाफेच्या नळीत डाळीचा फेस वाळून काळा दगड झालेला, टाचणीसुद्धा आत जाईना. सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचा नव्हताच, त्यावर कसलाच शिक्का नव्हता, बाजारातून वीस-तीस रुपयांना मिळतो तसला, आणि रिंगही दुसऱ्याच मापाची, कडेने कात्रीने कापलेली. माझ्या अशिलाचा मॅनेजर बाहेर येऊन म्हणाला, मॅडम, जिंकलो. मी त्याला खोक्यातलं माहितीपत्रक काढायला लावलं. इंग्रजी आणि हिंदी, अक्षर एवढं बारीक की मला चष्म्यातून दिसेना, आणि नळी दर वेळी साफ करा ही सूचना चौथ्या पानावर, रेसिपींच्या आधी, एका ओळीत. दुसरा व्हॉल्व्ह लावला तर कुकर फुटू शकतो असं कुठेच लिहिलेलं नाही. तो कुकर तालुक्याच्या बाजारात विकलेला होता. सदोष वस्तू म्हणजे नुसतं फुटकं भांडं नाही, इजा टाळण्यापुरत्या सूचना किंवा इशारा नसणं हेही कलम ८४ मध्ये कंपनीच्या जबाबदारीचं स्वतंत्र कारण आहे. मी अशिलाला सांगितलं की फेरफाराचा मुद्दा आपण पुराव्याने मांडू, तो खरा आहे, पण सूचनांच्या मुद्द्यावर आपण हरू आणि हरायलाच पाहिजे. प्रकरण मध्यस्थीला गेलं, कलम ३७ मध्ये तशी सोय आहे, तिथे भरपाई ठरली. आणि माहितीपत्रक बदललं, पहिल्या पानावर मराठीत, ठळक, नळीच्या आणि व्हॉल्व्हच्या चित्रासकट. ते बदलून घेतलं याचा मला कुठल्याही निकालापेक्षा जास्त आनंद आहे.

दुसरी बाजूही ऐका. कंपनीने दोष नसताना पैसे द्यावेत असंही मला वाटत नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं की वॉरंटी पार्ट दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. हे न्यायाचंच आहे. पण २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात, समोरून जोराची धडक बसूनही एअरबॅग उघडल्या नव्हत्या, कंपनी म्हणाली की धक्का पुरेसा नव्हता, तेव्हा कोर्टाने ते मानलं नाही. किती वेगाला, किती जोराला बॅग उघडेल याचं भौतिकशास्त्राचं गणित गाडी घेणाऱ्याने मांडावं अशी अपेक्षा नाही, असा त्याचा आशय, आणि गाडी बदलून द्यायचा आदेश कायम राहिला. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला मी हा निकाल वाचायला देते, कारण त्यांना वाटतं तांत्रिक भाषेत लिहिलं की आयोग गप्प बसेल.

मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था पन्नासएक वर्षं समोरच्या बाजूने लढतायत, त्यांच्यामुळे आमचे अशील शहाणे झालेत, हेही मनापासून लिहिते.

प्रश्न : जिल्हा आयोगात हरलो. साडेतीन लाख आणि व्याज द्यायचा आदेश झालाय. अपील टाकलं की पैसे थांबतात ना?

उत्तर : आपोआप नाही. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील करायचं आणि आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरायचे, त्याशिवाय अपील ऐकूनच घेत नाहीत. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. स्थगिती नाही आणि पैसेही दिले नाहीत तर कलम ७२ लागतं, त्यात किमान १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड किंवा दोन्ही, आणि अशा अर्जात डायरेक्टरांवर वॉरंट निघतात तेव्हा कंपनी खडबडून जागी होते. राज्य आयोगानंतर राष्ट्रीय आयोगात दुसरं अपील फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, हकीकत तिथे परत उगाळता येत नाही, म्हणून जे सांगायचं ते राज्य आयोगातच नीट सांगा. आणि अपील टाकायच्या आधी निकालपत्र शांतपणे वाचा. आयोगाने तुमचा कुठला कागद बघितला नाही की तुम्ही तो दिलाच नव्हता, हे त्यात कळतं. दिलाच नसेल तर अपिलात नवा पुरावा आणायला परवानगी सहज मिळत नाही, मग अपील न करता आदेशाची पूर्ण रक्कम भरून, पावती घेऊन, तक्रारदाराकडून पैसे मिळाल्याची पुरशिस (लेखी कबुली) दाखल करून प्रकरण बंद करणं स्वस्त पडतं.